पुष्पचक्राचं काय करायचं?

सदर : फुलपुडी

अंत्ययात्रेला जाताना कोणती फुलं न्यावीत, हा प्रश्न पूर्वी आपल्याकडे कुणाला पडत नसे. वाड्यात, आळीत ‘सामान’ आणायला जाणारा एक ठरलेला माणूस असायचा. बांबू, कडबा, मडकं, सुतळी, पांढरं कापड, गुलाल, बुक्का आणि त्याच पिशवीत झेंडूचे दोन-चार हार. जमलेले लोक त्यातलीच फुलं उचलून वाहायचे, नमस्कार करायचे आणि खांदा द्यायला पुढे व्हायचे. घरून स्वतःचं फूल घेऊन कुणी येत नसे आणि रिकाम्या हातानं आल्याचं कुणाला वाईटही वाटत नसे.

आता वाटतं. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर बातमी पडते, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि मग कुणीतरी विचारतं, ‘आपल्यातर्फे काय न्यायचं?’ वर्गणी निघते. फुलवाला पहिल्यांदा बजेट विचारतो आणि मग मोठं पुष्पचक्र दाखवतो. या सदराच्या वाचकांकडूनही हे विचारणं अधूनमधून येतं : प्रसंगाला शोभेल असं फूल कोणतं, रंग कुठला, घरी नंतर काही पाठवावं का, कुंडीतलं रोप दिलं तर चालेल का. म्हणून या आठवड्यात थोडं अवघड विषयावर.

सुरुवात पुष्पचक्रापासूनच करू, कारण माझा त्याच्यावर राग आहे. बांबूच्या कामट्यांचं, पेंढ्याचं नाहीतर थर्मोकोलचं कडं, त्यावर तारेनं आवळलेले जरबेरा आणि ग्लॅडिओलस, वर प्लॅस्टिकचा कागद आणि चमकती रिबीन. रिबिनीवर नाव असतं ते देणाऱ्याचं. ही वस्तू हुतात्मा स्मारकासमोर शोभते, जवानाला मानवंदना देताना शोभते, कारण तिथे ती टेकवायला दगडाचा चौथरा असतो आणि ठेवणारा एका संस्थेच्या, पलटणीच्या, सरकारच्या वतीनं आलेला असतो. तिरडीवर मात्र तिला जागाच नसते. छातीवर ठेवलं तर चेहरा झाकतं, पायाशी ठेवलं तर उचलताना घसरतं. विद्युत किंवा गॅसदाहिनीत तार, थर्मोकोल, प्लॅस्टिक यातलं काहीच आत जाऊ द्यायचं नसतं, म्हणून तिथले कर्मचारी ते काढून बाजूला ठेवतात. तासाभरापूर्वी वर्गणी काढून आणलेलं ते कडं मग स्मशानाच्या भिंतीला टेकून राहतं, रिबिनीवरच्या नावासकट. शेजारच्या काकांना निरोप द्यायला जाताना कुणी पलटणीच्या वतीनं जात नाही. पुष्पचक्र नेऊ नये.

मग काय न्यावं? सुटी फुलं. पावकिलो, अर्धा किलो, कागदात किंवा पानात बांधून. दादरच्या फूलबाजारात काय किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात काय, सुटी फुलं हीच आपल्या व्यापाराची खरी रीत आहे. लांब दांड्याची फुलं गुच्छांसाठी नंतर आली. सुट्या फुलांचा फायदा असा की ती आलेल्या प्रत्येकाच्या ओंजळीत जातात. वाकून वाहताना हात मोकळा होतो, माणूस क्षणभर थांबतो आणि मागच्याला जागा देतो. जळण्यासारखी ती असतातच, आणि वाटेत सांडली तरी कुणाला उचलावी लागत नाहीत.

निशिगंध घ्यायचा तर एकेरी मागावा. दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध दांड्यासकट फुलदाणीसाठी विकला जातो, दिसायला भरदार असतो, पण वास एकेरीचाच अधिक. हारांत ओवतात तो एकेरी. याच्या सुधारित जाती आपल्याकडेच काढलेल्या आहेत : राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’, बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’. कळ्या पहाटे तोडतात आणि संध्याकाळी त्या उमलू लागतात, त्यामुळे सकाळी घेतलेल्या फुलांना दुपारपर्यंत वास नाही म्हणून फुलवाल्याशी भांडू नये.

निशिगंध आणि झेंडू, दोघंही मूळचे मेक्सिकोचे. कोलंबसानंतरच्या काळात समुद्रमार्गे इकडे आले आणि इतके घरचे झाले की झेंडूवाचून आपला दसरा होत नाही. त्यांच्या माहेरी मात्र झेंडू हे मृतांचं फूल आहे. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मेक्सिकोतली माणसं घरातल्या गेलेल्यांसाठी वेदी मांडतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखतात आणि त्या रंगा-वासाच्या मागानं आत्मे घरी येतात असं मानतात. शेवंतीचंही तसंच. आपल्याकडे ती वेणीत माळायची, लक्ष्मीला वाहायची. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास शेवंतीच्या कुंड्या कबरींवर नेऊन ठेवतात, इटलीतही शेवंती म्हणजे दफनभूमीचं फूल. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुला-सुनांना एवढं सांगून ठेवावं की कुणाच्या घरी जेवायला जाताना शेवंतीचा गुच्छ नेऊ नका, यजमानीण दारातच गोंधळेल.

आपल्याकडे असं राखून ठेवलेलं शोकाचं फूल नाही, आणि मला ते फार आवडतं. तोच निशिगंध नवरदेवाच्या गाडीवर असतो आणि शववाहिनीवरही. तोच झेंडू मखराला, तोच तिरडीला. त्यामुळे ‘प्रसंगाला शोभेल असं’ फूल शोधत बसायची गरज नाही. पांढऱ्याच फुलांचा आग्रह मला सिनेमातून आलेला वाटतो, जिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि काळ्या चष्म्यांत असतात. गेलेल्या बाईंना अंगणातली जास्वंद प्रिय असेल तर जास्वंद न्यावी. कुणाच्या दारात सोनचाफा असेल तर चार सोनचाफ्याची फुलं पुरेत, ती सबंध खोलीला पुरतात. वारकऱ्याच्या घरी प्रश्नच येत नाही. तिथे तुळशीची माळ आणि बुक्का, याच्यापुढे ऑर्किडला कोण विचारतो? मुखात तुळशीपत्र ठेवण्याची रीत तर वारकरी नसलेल्यांच्या घरीही असते. न्यायला दुसरं काहीच सुचलं नाही तर कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडून न्याव्यात.

रंगाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलायला हवी. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईला आपण हिरवं लुगडं नेसवतो, हळदकुंकू लावतो, ओटी भरतो, केसांत गजरा माळतो. आणि ज्या घरातून पुरुष जातो, तिथे त्याच दिवशी मागे राहिलेल्या बाईचा गजरा कायमचा सुटतो. म्हणजे मेलेल्या बाईला फूल चालतं, जिवंत बाईला चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही याचं अनुकरण करायला सांगितलं. गजरा कुणी हिसकावून घेत नाही, तो आपसूक बंद होतो, म्हणून त्याच्याविरुद्ध ठराव करणंही अवघड. पण शोकाच्या घरी फूल न्यायचं तर ते कुणाला, याचा विचार इथपर्यंत पोचायला हवा. वर्षभरानं सणावाराला त्याच घरी जाल तेव्हा त्या वहिनींसाठी किंवा मावशींसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन जा. माळला तर उत्तम. नाही माळला तरी ओंजळीत धरून वास घेतील.

वर जे सांगितलं ते अग्नी देणाऱ्या घरांबद्दल. जिथे दफन आहे तिथे फुलाचा हिशेब वेगळा होतो, कारण परत यायला जागा असते. वसईत, गोव्यात ख्रिस्ती घरच्या अंत्यविधीला पुष्पचक्र अगदी योग्य, तिथे ते ठेवायला कबर असते. २ नोव्हेंबरला त्याच कबरी धुऊनपुसून फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतात. मुसलमान घरांत अनेक ठिकाणी कबरीवर गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाच्या हिरव्या काड्या वाहतात, काही ठिकाणी मात्र फुलंही वर्ज्य मानतात, तेव्हा जाण्याआधी कुणाला तरी विचारलेलं बरं. पारशी लोक वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत, मुक्तादात, अग्यारीत गेलेल्यांच्या नावानं फुलदाण्या ठेवतात आणि त्यातली फुलं ताजी राखतात. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला गेल्या काही वर्षांत हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणण्याचं आवाहन केलं जातं. बाबासाहेबांना वाहायला याहून नेमकी वस्तू मला तरी सुचत नाही.

आता घरी पाठवायच्या फुलांबद्दल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेलोफेनमध्ये बांधलेला लिलीचा गुच्छ कुरियरनं दारात येतो. पाठवणारा बहुधा लांब असतो, पुणे सोडून पुण्यातल्या माणसांसाठी जीव तुटणारा, म्हणून त्याला बोल लावावासा वाटत नाही. पण तो गुच्छ येतो ते घर कसं असतं ते बघा. सुतक असतं. देवपूजा बंद, म्हणून रोज सकाळी दाराला अडकवलेली फुलपुडीही बंद. देवालाही फूल न जाणाऱ्या घरात हा गुच्छ ठेवायचा कुठे? फुलदाणी शोधा, दांडे कापा, पाणी बदला, पाचव्या दिवशी कुजलेलं टाकून या. ज्या बाईला चार दिवस झोप नाही तिच्यावर आपण एक काम टाकतो. लिलीचा वास बंद खोलीत डोकं धरायला लावतो, तिचे परागकण कपड्यावर पडले तर डाग सहजी जात नाही. घरात मांजर असेल तर लिली आणूच नये. पान, पाकळी, पराग, कशानंही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. लांबच्या माणसानं फोन करावा, आणि जवळच्या कुणाकरवी पिठलंभाताचा डबा पोचवावा.

कुंडीतलं रोप द्यायची पद्धत अमेरिकेतून आली. तिकडे शोकाच्या घरी पीस लिली पाठवतात. आता आपल्या नर्सऱ्यांतही ती मिळते. झाड गुणी आहे, कमी उजेडात राहतं, तहान लागली की माना टाकतं आणि पाणी मिळालं की काही तासांत उभं राहतं. (नावात लिली असली तरी ते अळूच्या कुळातलं. मांजरानं चावलं तर तोंडाची आग होते, मूत्रपिंडाला धोका नसतो.) पण भेट म्हणून आलेलं हे झाड साधं झाड राहत नाही. ते ‘आईच्या वेळी आलेलं’ झाड होतं. चार महिन्यांनी ते वाळलं तर त्या घरातल्या मुलीला काय वाटेल, याचा विचार देणाऱ्यानं केलेला नसतो. रोप द्यायचं असेल तर दिवस होऊन जाऊ द्यावेत, आणि त्या घरात कुणाला झाडांची आवड आहे का हे आधी ठाऊक असावं.

रोपापेक्षा मोठं काही लावायचं तर त्याची एक चांगली रीत अलीकडे आपल्या गावांतूनच सुरू झाली आहे. रक्षा नदीत न सोडता शेताच्या बांधावर किंवा परसात खड्डा घेऊन त्यात घालायची आणि त्यावर झाड लावायचं. मला ही रीत मनापासून पटते, फक्त मातीचं थोडं ऐकावं लागतं. चितेच्या राखेत चुना आणि पालाश भरपूर, हाडांच्या राखेत कॅल्शियम आणि स्फुरद. ही राख चांगलीच विम्लधर्मी असते. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीला ती मानवते. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तीच राख मुळाशी एकगठ्ठा पडली तर रोपाला लोह मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक मग म्हणतात, झाड धरलं नाही, आणि त्याचे नको ते अर्थ लावतात. म्हणून सगळी रक्षा एका खड्ड्यात ओतू नये. थोडी घ्यावी, भरपूर शेणखत आणि मातीत मिसळावी, बाकीची शेतभर पसरावी. सोनचाफा काळ्या जमिनीत आधीच कुरकुरतो, त्याला ही राख देऊच नये. बकुळ, कांचन, ताम्हण, कडुनिंब सोसतात. वड-पिंपळ गावच्या गायरानात ठीक, घराच्या भिंतीपासून लांबच बरे.

आणि मुहूर्त पावसाचा धरावा. फेब्रुवारीत माणूस गेलं म्हणून फेब्रुवारीत झाड लावलं तर एप्रिलमध्ये ते जळणार. रोप आणून कुंडीत सांभाळावं, रक्षा मडक्यात जपून ठेवावी आणि आषाढात लावावं. लावायच्या दिवशी सगळे नातेवाईक येतात, फोटो निघतात, पहिला आणि दुसरा उन्हाळा मात्र कुणाच्या तरी एकाच्या बादलीवर निघतो. त्या एकाचं नाव त्याच दिवशी, खड्ड्याशी उभं असतानाच ठरवून घ्यावं. भाऊ म्हणेल बहीण बघेल, बहीण म्हणेल गडी घालेल पाणी, असं सुरू झालं तर झाडाचा बेत रद्द करावा आणि राहिलेली रक्षा शेतातच पसरून मोकळं व्हावं.