माझा आवडता खेळाडू : गोल अडवणारा ब्रह्मानंद



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध दिला की वह्यांमध्ये ठरलेली नावं येतात. सचिन, विराट, रोहित. एखाद्याला फुटबॉल आवडत असेल तर मेस्सी नाहीतर रोनाल्डो. नावं चांगलीच आहेत, पण बघा, हे सगळे धावा काढणारे नाहीतर गोल मारणारे. अडवणारा एकही नाही!

आपल्या पिंपळनेरच्या मैदानावर तरी वेगळं काय असतं? फुटबॉल काढला की सगळ्यांना पुढेच खेळायचं असतं. मग गोलात कोण? जो लहान आहे, ज्याला जोरात पळता येत नाही, तो. असाच एक मुलगा खेळाचा तास संपल्यावर मला म्हणाला, "सर, मला नाही खेळायचं. मला फक्त बोलणी खायला उभं करतात."

त्याला मी ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्याबद्दल सांगितलं. गोव्यातल्या ताळगावचे हे गोलरक्षक. जन्म १९५४ चा. साळगावकर क्लबकडून ते खेळले, भारताचे कर्णधार झाले. १९८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष करंडक जिंकला, तोही स्पर्धेत एकही गोल न खाता! १९९७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि खेळणं थांबवून कितीतरी वर्षं झाल्यावर, २०२२ मध्ये, पद्मश्री. गोल न मारणाऱ्या माणसाला लोक विसरले नाहीत.

दुसरं उदाहरण नॉर्वेच्या ओले गुन्नार सोल्शेअरचं. मँचेस्टर युनायटेडचा हा खेळाडू कितीतरी सामन्यांत बदली म्हणून बाकावर बसायचा. पण नुसता बसायचा नाही, समोरचे बचावपटू कुठे चुकतात ते टिपून ठेवायचा. २६ मे १९९९ ला बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती, समोर बायर्न म्युनिक. तो शेवटच्या दहा मिनिटांत मैदानात आला आणि भरपाई वेळेत त्याने विजयी गोल मारला. २००७ मध्ये तो निवृत्त झाला, तरी तिथले प्रेक्षक आजही त्याच्या नावाचं गाणं म्हणतात.

मग काय, मिळेल त्या जागी गप्प उभं राहायचं? नाही, असं मी म्हणणार नाही. माझं मत उलट आहे. गोलातली जागा ही शिक्षा नाही, जबाबदारी आहे. म्हणून ती आळीपाळीने सगळ्यांनी घ्यावी. वर्गातल्या सर्वांत चपळ मुलानेही. आम्हा शिक्षकांनीही उरलेल्या मुलाला तिथे ढकलणं थांबवायला हवं. त्यात माझीही चूक होतीच.

आणि गोल झाला की गोलकीपरवर ओरडण्याआधी एवढं आठवा : चेंडू त्याच्यापर्यंत आला, तो आधी तुम्हा दहा जणांना चुकवून आला.

आता वही काढा. या वेळी अडवणाऱ्या एका खेळाडूवर निबंध लिहा.