साक्ष आजचीही द्या

आपल्या मंडळीत साक्षीला तोटा नाही. घरच्या प्रार्थनेला पेटी-तबल्यावर गीत संपलं की कुणीतरी उभं राहतं. पूर्वी मी दारू प्यायचो, बायकोला मारायचो, प्रभूनं मला सोडवलं. सगळे ‘हालेलुया’ म्हणतात, आणि म्हणावंच. पण काल रात्री पोराला पट्ट्यानं मारलं, भावाच्या वाट्याची जमीन अजून दाबून ठेवली आहे, हे सांगायला कुणी उभं राहत नाही. जणू आपली सगळी पापं बाप्तिस्म्याच्या आधीच उरकली!

पवित्र शास्त्र असं झाकत नाही. पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. मंडळीचा एवढा मोठा पुढारी, त्याची ती रात्र सहज गाळता आली असती. एकानंही गाळली नाही. तीमथ्याला लिहिताना पौल स्वतःला पाप्यांमध्ये पहिला म्हणतो, आणि ते जुनं म्हणून नाही, त्या दिवशीचं म्हणून. एक्कावन्नावं स्तोत्र उघडा. माथ्यावरच बथशेबेचा आणि नाथान संदेष्ट्याचा उल्लेख आहे, आणि ते मुख्य गवयाकडे सोपवलेलं आहे. राजाचं पाप, तेही गायला दिलेलं!

आपल्याकडच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. पण ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी बाप्तिस्म्यापाशी रेघ मारून अलीकडे सगळं गोड केलेलं नाही. टिळकांचा तापटपणा, नवराबायकोची भांडणं, स्वतःचा हट्ट, सगळं हसत हसत सांगितलं आहे. ते वाचून टिळकांविषयीचा आदर कुणाचा कमी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग आपण का लपवतो? एक कारण खरं आहे, ते मी हसण्यावारी नेणार नाही. गावात आपली चार घरं. आपल्यातल्या एकाचं काही बाहेर आलं की ‘बघा यांचा येशू’ म्हणायला लोक टपलेले असतात. दुसरं कारण मात्र आपलं आपणच तयार केलेलं आहे. कृपा आत येण्यापुरती होती, आता पुढचं आपल्या चांगुलपणावर, असं आपण धरून चालतो. मग पडलो की तोंड लपवण्यावाचून इलाज राहत नाही. पण ज्या कृपेनं आत घेतलं तिला आपलं पुढचं पडणंही ठाऊक होतं.

तेव्हा प्रार्थनेत ‘कळत-नकळत काही चुकलं असेल तर’ म्हणणं सोडा. काय केलं ते नाव घेऊन म्हणा. सासूला टाकून बोलले. मापात मारलं. भिशीच्या पैशाचा हिशेब खोटा दिला. देवाला ते नवीन नाही, आपल्याच कानांना ऐकू येण्याची गरज आहे. मग विश्वासाच्या एका माणसाला सांगा. सगळं भर सभेत सांगायलाच पाहिजे असं नाही, आणि सांगताना दुसऱ्याचं पाप आपल्या साक्षीत ओढू नका. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा. जक्कयानं चौपट परत देतो म्हटलं ते येशू त्याच्या घरी आल्यावर, आधी नाही, पण म्हटलं. क्षमा मिळाली म्हणून भावाची जमीन आपली होत नाही. आणि ज्याला मारलं त्यानं लगेच गळ्यात पडावं, ही अपेक्षाही ठेवू नका. त्याला वेळ लागेल. घरात कुणा बाईला मार चालूच असेल तर तिला आधी सुरक्षित जागी न्या. माफ कर म्हणून तिच्यामागे लागू नका.

पाळकसाहेब, एक विनंती तुम्हालाही. रात्री दार वाजवून कुणी असं काही सांगून गेलं, तर रविवारच्या संदेशात ते उदाहरण म्हणून घेऊ नका. नाव गाळलं तरी माणूस कोण ते गावाला बरोबर कळतं, आणि मग पुन्हा कुणी दार वाजवत नाही.