नाकाचें माप

आमच्या भाषेनें अब्रूचें बिऱ्हाड नाकांत थाटलें आहे. बेअब्रू झालेल्याचें नाक कापलें जातें, गर्विष्ठ मनुष्य नाक वर करून चालतो, आणि ज्यास दुसऱ्याचें कांहींच रुचत नाहीं तो नाक मुरडतो. मुलगी पाहून परतलेल्या मंडळींचा पहिला शेरा नाकाविषयीं, दुसरा रंगाविषयीं; तिच्या विद्येची आठवण घरीं पोंचल्यावर होते. एवढ्यावर भागलें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती; आवडनिवड ज्याची त्याची. परंतु सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतून "नाकावरून कुळी कळते", "जबडा पाहिला कीं जात ओळखावी" अशीं विधानें जेव्हां शास्त्राच्या थाटांत केलीं जातात, तेव्हां तें शास्त्र कोणतें व त्याची वाट कशी लागली हें सांगणें प्राप्त होतें. तें सांगून झाल्यावर वाचकांस आम्ही वरोऱ्यास नेणार आहोंत.

या शास्त्राचे आमच्या देशांतील आचार्य सर हर्बर्ट रिझ्ले. बंगालमधील जाती व जमाती यांवरील त्यांचा ग्रंथ १८९१ सालीं निघाला. १९०१ च्या खानेसुमारीचे ते कमिशनर होते. नाकाच्या रुंदीस उंचीनें भागावें व शंभरानें गुणावें. आंकडा ७० च्या आंत आला तर नाक सरळ, ८५ च्या वर गेला तर बसकें, मधलें तें मध्यम. येथवर ही नुसती मोजणी झाली. रिझ्लेसाहेबांनीं पुढें नियमच बसविला कीं, जातीचा सामाजिक दर्जा या आंकड्याच्या उलट प्रमाणांत चढतो वा उतरतो. स्मृतिकारांस शेंकडों श्लोकांनीं जें धड साधलें नाहीं, तें एका कंपासानें साधलें!

आतां हें माप घेतात कसें तें पाहूं. नाकाची उंची मोजावयाची ती नासामुळापासून, म्हणजे कपाळाचें हाड व नाकाचीं दोन हाडें जेथें सांधलीं आहेत त्या बिंदूपासून. कोरड्या कवटीवर हा सांधा डोळ्यांस दिसतो. जिवंत माणसाच्या तोंडावर तो कातडीखालीं असल्यामुळें बोटानें चांचपून ठरवावा लागतो. समजा, नाक ३५ मिलिमीटर रुंद आहे. उंची ५१ भरली तर आंकडा ६८.६ येतो व गृहस्थ सरळ नाकाचे ठरतात. मोजणाराचें बोट दोन मिलिमीटर खालीं सरकून उंची ४९ भरली कीं आंकडा ७१.४ होतो, आणि त्याच गृहस्थांची रवानगी मध्यमांत. सरासरी काढली म्हणजे अशा चुका पुसल्या जातात, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण लग्नाच्या बैठकींत पाटावर सरासरी बसत नाहीं, एक मुलगी बसते.

आणि सरासऱ्या तरी कोठें कामास आल्या? मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या जात व वंश यांवरील इंग्रजी ग्रंथांत हेच आंकडे पुन्हां तपासले. उत्तर हिंदुस्थानांत जातींची उतरंड व नाकांची उतरंड बऱ्याच अंशीं जुळलेली दिसली. महाराष्ट्रांत ती जुळेना. म्हणजे ज्या प्रांतांत आज नाकावरून कुळी ओळखण्याची ही ऐट चालते, त्याच प्रांतांत तिला आधार सांपडला नाहीं.

याहून मोठी परीक्षा बर्लिनमध्यें झाली, आणि तीही एका मराठी बाईच्या हातून. इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं तेथें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं शिकावयास गेल्या. गोऱ्यांच्या कवटीची डावीउजवी बाजू जी असमान असते, ती त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीची खूण असावी, असा फिशरसाहेबांचा होरा. बाईंनीं युरोपांतील व वसाहतींतून आणलेल्या अशा सुमारे दीडशें कवट्या मोजल्या, आणि असमता सर्वत्र आढळते, वंशाशीं तिचा संबंध लागत नाहीं, असा निष्कर्ष त्याच गुरूच्या पुढें ठेविला. हेच फिशर १९३३ सालीं, हिटलरच्या अमदानींत, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या पंचविशीच्या विद्यार्थिनीचें धैर्य कळतें. पुढें महाराष्ट्रांत येऊन बाईंनीं स्वतःही माणसें मोजलीं, कंपास खालीं ठेविला नाहीं, हें आम्हांस थोडें खटकतें. पण तो वाद निराळा.

आतां वरोरा. कवटीवर नाकाच्या छिद्राच्या तळाशीं, मधोमध, पुढें आलेला हाडाचा एक लहानसा कांटा असतो. त्यास नासाकंटक म्हणतात. नाक वरच्या ओंठास जेथें मिळतें तेथें बोट दाबलें तर तो लागतो. नाकाचा पडदा त्याच्या आधारानें उभा. महारोगाचा जंतु, जो १८७३ सालीं नॉर्वेच्या हॅन्सेननें शोधून काढिला, शरीराच्या थंड भागांत वाढतो. नाकाचें अस्तर त्यास विशेष मानवतें. रोग तीव्र असला व उपचार झाला नाहीं तर नासाकंटक झिजून नाहींसा होतो, वरच्या जबड्याची पुढली पाळी मागें हटते, मधले दांत सुटून पडतात, आणि नाक खचतें. ज्या मुद्रेस आमचीं घरें "पापाचें फळ" म्हणत आलीं, तिची सारी उपपत्ति एवढीच.

ती कोणा एका जातीचीही नव्हे. डेन्मार्कांत नेस्टवेड येथील मध्ययुगीन महारोग्यांच्या स्मशानांतील कवट्या उकरून म्योलर-क्रिस्टेन्सेन यांनीं हीच झीज प्रथम नीट वर्णिली. तीं नाकें गोऱ्या युरोपीयांचीं होतीं. उदेपुराजवळ बालाथल येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननांत निघालेल्या सुमारें ४००० वर्षांपूर्वींच्या एका सांगाड्यावरही तीच खूण २००९ सालीं जाहीर झाली.

वरोऱ्याच्या रस्त्यांत पावसांत पडलेल्या तुळशीरामास पाहून बाबा आमटे प्रथम पळाले. ही गोष्ट त्यांनीं स्वतःच सांगितलेली आहे, आणि आम्हांस ती त्यांच्या सर्व मानपत्रांहून मोलाची वाटते. तेथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेला, भंगीकाम स्वतः करून पाहिलेला वकील तो चेहरा पाहून भ्याला. भ्यालों हें कबूल करून परतला. आणि १९४९ सालीं महारोगी सेवा समिति उभी राहिली. आनंदवनांत पुढें ज्यांनीं विहिरी खणल्या, शेतें पिकविलीं, त्यांपैकीं कित्येकांचीं नाकें खचलेलीं होतीं, बोटें झडलेलीं होतीं. त्या हातांनीं पिकविलेला भाजीपाला घेण्यास आरंभीं लोक कचरत. त्या वेळीं त्यांचें नाक मोजणारा कंपास कोणत्या शास्त्राचा होता?

औषधानें जंतु मरतो. हाडाचा कांटा पुन्हां उगवत नाहीं. म्हणून पूर्ण बरा झालेला मनुष्यही रोगाची मुद्रा घेऊन आमच्या दारांत उभा राहतो, आणि आम्ही डॉक्टरचा दाखला वाचण्यापूर्वीं त्याचें नाक वाचतों. जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांच्या एकत्र उपचाराची शिफारस १९८१ सालीं केली. महारोग्यांस कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. हिंदु विवाह कायद्यांत हा रोग घटस्फोटाचें कारण म्हणून होता, तो २०१९ सालीं काढण्यांत आला. म्हणजे रोग बरा करतां येऊं लागल्यावरही ३८ वर्षें कायदा नवराबायकोस या कारणास्तव एकमेकांपासून सुटण्याची मुभा देत होता. आमच्या दिवाणखान्यांतला कायदा कोणत्या सालीं बदलणार, याची कसलीच जाहिरात अद्याप निघालेली नाहीं.