विद्यापीठ खासगी असलं तरी दार सगळ्यांना उघडं हवं

संपादक महोदय,


बारावीचा निकाल लागला की आमच्या वांकिडीत आईबाप अजून माझ्याकडं येतात. "सर, हे नवं खासगी विद्यापीठ बरं आहे का?" मागल्या वर्षी एक बाप फीसाठी दोन एकर कापसाचं रान विकायला निघाला होता. त्याला थांबवलं. पण 'मग पोरानं जावं कुठं?' या त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हतं.

खासगी विद्यापीठं नकोतच, असं मी म्हणणार नाही. सरकारी जागा अपुऱ्या आहेत. ब्राझीलसारख्या देशातही बहुसंख्य विद्यार्थी खासगी संस्थांतच शिकतात. तेलंगणानं २०१८ साली कायदा केला आणि २०२० मध्ये पहिल्या पाच विद्यापीठांना मान्यता दिली. एक वरंगलला, बाकीची हैदराबादच्या आसपास. कायद्यानं २५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना ठेवल्या. चांगलंच आहे. पण जागा राखली म्हणून फी कमी होत नाही. कोलामाच्या पोराला ती जागा भिंतीवरच्या चित्रासारखी, दिसते पण हाती लागत नाही.

दुसरा धोका फसवणुकीचा. शेजारच्या छत्तीसगडनं २००२ साली असा कायदा केला आणि बघता बघता ११२ विद्यापीठं कागदावर उभी राहिली. कितीकांना धड इमारतही नव्हती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. तेव्हा पालकांनो, प्रवेशाआधी विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी बघा. खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आता थोडं आपल्या घरात पाहू. ९३ व्या घटनादुरुस्तीनं खासगी संस्थांतही मागासवर्गीयांना जागा राखण्याचा अधिकार सरकारला दिला, मात्र अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळल्या. म्हणजे आपल्या कॉलेजांवर ती सक्ती करता येत नाही. ही सूट आपली ओळख जपण्यासाठी आहे, गरिबाला टाळण्यासाठी नव्हे. ज्या मिशनऱ्यांनी आपल्या आज्यापणज्यांना पाटी-पेन्सिल दिली, त्यांनी आधी फी विचारली नव्हती. आपल्या संस्थांनी आपणहून काही जागा, अर्ध्या फीत का होईना, या डोंगरपट्ट्यातल्या मुलांना द्याव्यात. ती मुलं ख्रिस्ती असोत वा नसोत.

तसं झालं तर पुढच्या जूनमध्ये त्या बापाला सांगायला माझ्याजवळ एक पत्ता तरी असेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वांकिडी