माझ्या कपाटातली बुतं

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. लेखाचा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता, ‘मुस्लिम समाज आणि सुधारणा’. मी म्हटलं, सुधारणेवर बरीच वर्षं लिहितोय, या वेळी प्लास्टिकच्या यंत्रमानवांवर लिहू का? मी ते जोडतो, कापतो, पुन्हा वेगळे जोडतो आणि रंगवतो. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते हसून म्हणाले, ‘‘सर, तुम्ही गमतीदार आहात हं. बरं, तलाकवर काही तयार आहे का?’’

मला राग आला. माणूस भला आहे, म्हणून जास्तच आला. मराठी छापील जगात मुसलमान हा कायम ‘प्रश्न’ असतो. प्रश्नाला शिक्षण हवं असतं, आरक्षण हवं असतं, प्रबोधन तर हवंच असतं. छंद मात्र नसतो. कुणी निवृत्त साहेब बोन्साय वाढवतात, कुणी काकू जुनी नाणी जमवतात, त्यांच्यावर रविवारच्या पुरवणीत अर्धं पान येतं. आमच्या वाट्याला पान येतं तेही दंगलीनंतर नाहीतर रमजानात, शीरखुर्म्याच्या कृतीसह.

तर आज माझ्या छंदाबद्दल. संपादकांनी नाही छापलं तरी ही जागा माझी आहे.

छंद काय आहे ते आधी सांगतो, कारण ‘खेळणी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जत्रेतली गाडी येते. प्लास्टिकची एक चौकट मिळते, तिला देठ फुटल्यासारखे पन्नास-शंभर भाग चिकटलेले असतात. हात, गुडघे, पाठीवरची टाकी, बोटाच्या पेराएवढं डोकं. कटरने एकेक भाग सोडवायचा, देठाची खूण पॉलिश पेपरने घासायची, मग जोडायचा. यातला खरा गोंद चिकटवत नाही, तो प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्यावर प्रायमर, मग रंगाचे पातळ थर. खाचांमध्ये गडद पाणीदार रंग सोडायचा, कडांवर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा. ब्रश घेताना मी केस कुठल्या जनावराचे ते विचारून घेतो, कारण राठ ब्रश अनेकदा डुकराच्या केसांचे असतात. दुकानदार आता मला पाहिलं की आपणहून नायलॉनचे काढतो.

जपानमध्ये १९७९ साली ‘गुंडम’ नावाची चित्रमालिका सुरू झाली. युद्धात ओढल्या गेलेल्या पोरांची आणि अठरा मीटर उंच यंत्रांची गोष्ट. प्रेक्षक कमी मिळाले, ठरलेले भाग कापून मालिका त्रेचाळीसव्या भागाला गुंडाळली. जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने त्या यंत्राचं एकशे चव्वेचाळीसाव्या हिश्शाचं मॉडेल तीनशे येनला बाजारात आणलं आणि पोरांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. पडद्यावर बंद पडलेली गोष्ट लोकांनी हाताने जोडून जिवंत ठेवली. माझ्याकडचे बहुतेक गडी याच मापाचे, साधारण वीतभरही नाहीत.

आता घरच्या आघाडीवर येतो. सासरकडचे एक बुजुर्ग आले होते. नमाज पढायला जानमाज अंथरली आणि नजर काचेच्या कपाटाकडे गेली. ‘‘मास्टर, पढे-लिखे आदमी हो, घरमें ये बुतां कायकू जमाके रक्खे?’’

आमच्यातले काही सुशिक्षित अशा वेळी कुत्सित हसतात. मी हसत नाही. प्रश्न खरा आहे. सजीवांच्या घडीव आकृत्या करू नयेत, हे बहुसंख्य जुन्या फकीहांचं मत आहे आणि ते हदीसवर उभं आहे. ते नाहीच असं भासवणं हा अप्रामाणिकपणा ठरेल. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत हजरत आयेशांच्या बाहुल्याही आहेत. अबू दाऊदच्या संग्रहात तर त्यांच्या खेळण्यांत कापडाचा घोडा आहे, पंख असलेला. प्रेषितांनी (स.) विचारलं, घोड्याला पंख कसे? आयेशांनी हजरत सुलेमानांच्या पंखवाल्या घोड्यांची आठवण करून दिली. आणि प्रेषित मनमोकळं हसले.

मी या प्रसंगापाशी नेहमी थांबतो. तो घोडा कुणी पाहिलेला नव्हता. चिंध्या जोडून, कल्पनेतून आलेला, साध्या घोड्यात फेरफार करून बनवलेला. आमच्या छंदात नेमकं हेच करतात.

बुजुर्गांना मी इतकं बोललो नाही. त्यांची जानमाज आतल्या खोलीत घातली, कारण नमाजसमोर आकृती नको हे मलाही मान्य आहे. पळवाटा माझ्याकडे होत्या. माझे निम्मे गडी शिरस्त्राणात आहेत, चेहराच नाही. उरलेली यंत्रं आहेत, यंत्रात रूह कुठली? पण पळवाटेने जिंकायचं नाही असं मी ठरवलंय. मूर्तीची भीती तिच्यापुढे मान झुकण्याची आहे. इथे मी रविवारी सकाळी त्यांचे हात करवतीने कापतो. भक्त असं करत नाही.

आणि हाताने आकृती घडवणं हे आपल्या इतिहासात नव्हतंच, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी अल-जझरीचं पुस्तक पाहावं. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला हा अभियंता. १२०६ साली पुरा झालेल्या त्याच्या ग्रंथात पाण्यावर चालणारी यंत्रं आहेत. हत्तीच्या आकाराचं घड्याळ, त्यावर माहूत. होडीत बसलेले आपोआप वाजवणारे वादक. (ती होडी शाही मद्यपानाच्या मैफलीसाठी होती, ही गोष्ट आमचे अभिमानी वक्ते हळूच गाळतात.) लांब कशाला, सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत पाहा. बांबू आणि कागदाचे ते उंच डोलारे म्हणजे इमाम हुसेनच्या रौजाची प्रतिकृतीच. तिथे मान्य-अमान्यचा वाद आहेच, पण कारागिरांच्या बोटांत जे आहे ते वादाने पुसलं जात नाही.

स्टाफरूममधला आक्षेप याहून फुसका आहे. ‘‘या वयात बाहुल्या?’’ असं विचारणारे सद्गृहस्थ रोज दोन तास मोबाइलवर रील्स बघतात. त्यांना काय उत्तर द्यायचं? एवढंच सांगतो की आपलं सरकारही त्यांच्याच मताचं आहे. अशी मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली आयात होतात, आणि खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. म्हणून वर्षाला मी एक, फार तर दोन खोकी घेतो. बाकी सगळं भंगारातून.

भंगार ही या छंदाची मूळ शाळा आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली जहाजं बनवणाऱ्यांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या, विमानांच्या किटमधले बारके भाग काढून त्यांच्या अंगावर चिकटवले होते. पडद्यावर ज्याला आपण परग्रहावरची यंत्रणा समजतो, तो कुठल्यातरी रणगाड्याचा तुकडा असतो. इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपने १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ आणला, तेव्हाच्या खेळाडूंना डिओडरंटच्या रिकाम्या कांडीपासून तरंगता रणगाडा करायला शिकवलं जायचं. तीच कंपनी आज स्वतःच्या स्पर्धांत दुसऱ्या कोणाचे भाग लावलेले सैनिक चालवून घेत नाही. तिचे सैनिक, तिचे रंग, तिचेच ब्रश. गरिबाच्या कात्रीतून निघालेली कला श्रीमंताच्या काउंटरवर कशी जाते, याचा हा नमुना.

पण माझं या खेळाशी खरं भांडण वेगळं आहे. चाळीस हजार सालातलं ते विश्व मी आवडीने वाचतो. त्यात ‘क्रूसेड’ हा शब्द पानोपानी. ब्लॅक टेम्प्लर्स नावाची तुकडी छातीवर क्रूस घेऊन काफिरांचा नायनाट करत हिंडते. हे साम्राज्य म्हणजे उपहास आहे, आदर्श नव्हे, असं जाणकार सांगतात. मान्य. पण उपहास आहे हे स्वतः कंपनीला नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं, कारण नाझी चिन्हं मिरवत एक जण स्पेनमधल्या स्पर्धेत येऊन बसला होता. ज्याला उपहास कळत नाही त्याच्या हातात तो झेंडा होतो.

आणि या अफाट विश्वात माझ्यासारखे दिसणारे कुठे आहेत? आहेत. टॅलार्नचे ‘डेझर्ट रेडर्स’. डोक्याला फडकं, तोंडावर फडकं, वाळवंट, दबा धरून हल्ला. अडतीस हजार वर्षं उलटली, माणूस ताऱ्यांपलीकडे गेला, आणि आम्ही अजून वाळूतच, लुटारू!

यावर दोन मार्ग असतात. एक, निषेधाचं पत्रक काढायचं. आमच्याकडे त्याचे तयार मसुदे असतात, फक्त तारीख बदलायची. दुसरा, कटर उचलायचं. भविष्य कोणीतरी खोक्यात भरून विकतो, पण खोकं उघडल्यावर भाग तुमच्या टेबलावर असतात. कुठलं डोकं कुठल्या धडावर बसवायचं हे कंपनी ठरवू शकत नाही. हे मला फार मोठं स्वातंत्र्य वाटतं, आणि आपल्या लोकांनी ते वापरलेलं नाही.

एकदा आठवीच्या वर्गाला निबंध दिला होता, दोनशे वर्षांनंतरचं माझं गाव. उर्दू माध्यमाची मुलं, मोहल्ल्यातली. उडत्या मोटारी होत्या, चंद्रावरची घरं होती. यानाच्या कप्तानाचं नाव कुणाकडे जॉन, कुणाकडे रोहन. एकाही वहीत कप्तानाचं नाव लिहिणाऱ्याच्या घरात सापडेल असं नव्हतं. मी लाल शाईने शुद्धलेखन तपासत राहिलो, आणि त्या रात्री झोप लागली नाही. संपादकांना आमचा खरा प्रश्न हवा असेल तर हा घ्या. ज्या मुलाला पुढच्या दोनशे वर्षांत स्वतः कुठेच दिसत नाही, त्याला मी कसलं प्रबोधन करू?

त्यानंतर मी जे यंत्र हाती घेतलं त्याला मी भिश्ती म्हणतो. भिश्ती हा शब्द बिहिश्त, म्हणजे स्वर्ग, यावरून आला. पाणी पाजणारा स्वर्गातला, असा त्यातला भाव. मूळ किट लढाऊ होतं. बंदूक आणि ढाल बाजूला ठेवली. पाठीवरची इंधनटाकी कापली आणि तिथे होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या आडव्या बसवल्या. खांद्यावरून लोंबणारी मशक एम-सीलची. एम-सील भरभर कडक होतो, चामड्याच्या वळ्या उमटवायला वेळ देत नाही. तीन मशका फुकट गेल्या, चौथी बकरीच्या कातड्यासारखी दिसली. नळी जुन्या रिफिलची. उजव्या पंजाच्या जागी चार्जरमधून निघालेला पितळी भाग, तो नळ.

रंगवायला सर्वांत जास्त दिवस लागले. परदेशी पुस्तकांत गंज दाखवतात तो समुद्राचा किंवा रणांगणाचा. मला पाण्याच्या टँकरचा गंज हवा होता आणि तो मी आयुष्यभर पाहिलाय. टँकर सगळीकडे सारखा गंजत नाही. झाकणाखाली तपकिरी ओघळ उतरतात. मागच्या नळाभोवती बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार चढतो आणि त्याच्या खाली, सतत ठिबकतं तिथे, हिरवं शेवाळ. शिडीच्या पायऱ्यांचा रंग मधोमध उडालेला, कारण पाय तिथेच पडतात. मी आधी गंजाचा थर दिला, त्यावर ओलं मीठ टाकलं, वरून टँकरचा फिका निळा रंग. वाळल्यावर मीठ घासून काढलं की निळ्यातून गंज डोकावतो. क्षारासाठी खडूची पूड, शाळेतलीच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते दृश्य कुठल्याही विज्ञानकथेपेक्षा चमत्कारिक होतं, आणि आपण ते विसरूनही गेलो. माझ्या भिश्तीच्या टाकीवर मी ‘५०,००० लिटर’ लिहिलंय, एका वाघिणीएवढं. एका बाजूला देवनागरी आकडे, दुसऱ्या बाजूला उर्दू. मशक म्हटली की आमच्या मनात करबला येतंच, फुरातचा काठ येतो. पण तसली कुठलीही पाक व्यक्ती मी घडवणार नाही, तिथे बुजुर्गांचं म्हणणं मला शब्दशः मान्य आहे. हे नुसतं यंत्र आहे, रांगेत उभं राहून पाणी वाटणारं.

ते शाळेत नेलं तेव्हा मुलांनी टेबलाभोवती गर्दी केली. पहिला प्रश्न अपेक्षितच होता. ‘‘सर, याची बंदूक कुठे गेली?’’ मी म्हटलं, काढली. ‘‘मग याच्यावर कोणी हल्ला केला तर?’’ मी काही बोलायच्या आत मागून एक मुलगी म्हणाली, ‘‘पानीवाले को कौन मारता रे, सबकू पानी होना की.’’ त्यावर जोरदार वाद झाला, कारण टँकरच्या रांगेत डोकी फुटलेली त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिली होती. तास संपला तरी निकाल लागला नाही.

आता वर्गात एक खोकं आहे, बुटांचं. त्यात तुटके चार्जर, टूथपेस्टची झाकणं, बॉलपेनच्या स्प्रिंगा, गोळ्यांची रिकामी पाकिटं जमतात. त्या मुलीने परवा काडीपेटीच्या धडाचं एक यंत्र आणलं. ते शेळ्या राखतं. चालवणारीचं नाव पोटावर उर्दूत लिहिलंय, तिच्या आजीचं. डावा पाय फेविक्विकने वाकडा बसलाय, तो सोमवारी कापून सरळ करायचा आहे.