जॅक कुठे टांगू?

रविवारी सकाळी एफसी रोडवर नाश्त्याच्या रांगेत उभं राहिलं की समोरून एक तरी थार जातेच, जिच्या बॉनेटवर चार फुटी लोखंडी दांडा आडवा बसवलेला असतो. चकचकीत ब्रॅकेट्स, लाल रंग, सगळं कसं टकाटक. पब्लिक वळून बघतं. गाडी थेट लडाखहून आल्यासारखी वाटते, भले ती कोथरूडहून निघून कॅम्पात चाललेली का असेना.

तो दांडा म्हणजे फार्म जॅक, ऑफ-रोडवाल्यांच्या भाषेत हाय-लिफ्ट. गेल्या महिन्याभरात तीन दोस्तांनी मला एकच प्रश्न विचारला, 'बॉस, जॅक तर घेतला, आता लावू कुठे?' तिघांच्याही मनात उत्तर तयार होतं. एकाला बॉनेट, एकाला छत, एकाला मागची स्टेपनी. तिघांनीही ते इंस्टावर बघून ठरवलं होतं.

आधी वस्तू समजून घेऊ. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड गावात १९०५ पासून हा जॅक बनतोय. मुळात शेतकऱ्याचं अवजार. कुंपणाचे खांब उपट, ट्रॅक्टर उचल, अशी त्याची कामं. एक उभी दांडी, तिला ओळीने भोकं, आणि त्या भोकांतून एकेक पायरी चढत जाणाऱ्या दोन पिना. हँडल खालीवर करा, गाडी टप्प्याटप्प्याने वर. चार फुटी जॅकचं वजन साधारण १३ किलो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या भरलेल्या सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा जरा कमी. हे १३ किलो लोखंड गाडीत कुठे ठेवायचं, हा प्रश्न दिसतो तितका फॅशनचा नाही.

मला हे कळलं जुलैत, भंडारदऱ्याला. नगर जिल्हा म्हटलं की आपल्याला दुष्काळ, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं.) त्याच जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक म्हणजे अकोले तालुका. घाटघर, रतनवाडी, साम्रद. इथे पाऊस असा कोसळतो की लोक या भागाला नगरची चेरापुंजी म्हणतात. आम्ही चौघं आळेफाट्यावरून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत शेंडीला पोचलो आणि धरणाच्या कडेकडेने साम्रदच्या रस्त्याला लागलो. ऑफ-रोडिंग वगैरे काही नाही हं. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, रस्ता सोडून गाडी घालायचा प्रश्नच नाही. आम्ही डांबरावरच होतो.

समोरून एसटी आली. रस्ता एका गाडीपुरता. मित्राने सभ्य माणसासारखी साइड दिली आणि डावीकडची दोन्ही चाकं साइडपट्टीवरून घसरून चरात गेली. गाडी डाव्या अंगावर कलली. डावीकडचे दरवाजे मातीच्या बांधाला टेकलेले, उघडेनात. फोर बाय फोर टाकून बघितलं, चाकं नुसती फिरली आणि चर आणखी खोल झाला.

'जॅक आहे ना आपल्याकडे!' मित्र एकदम हीरोच्या आवेशात म्हणाला. जॅक होता. छतावर होता. रूफ कॅरियरला दोन ब्रॅकेट्समध्ये आवळलेला.

आता विचार करा. कललेली गाडी, धो धो पाऊस, ओला पत्रा, आणि तिच्यावर चढून १३ किलोचा दांडा खाली काढायचाय. चढणाऱ्याचं वजन चुकीच्या बाजूला गेलं तर गाडी आणखी कलणार. शेवटी एक जण उजवीकडून टायरवर उभा राहिला, दुसऱ्याने त्याला धरलं. हाताने फिरवायचे नट गंजून बसले होते. ते पक्कडीने सोडवायचे, तर पक्कड डिकीत, बॅगांच्या खाली. वीस मिनिटं गेली. दांडा हातात आला तेव्हा कळलं की पिनांमध्ये धूळ आणि गंज यांचा गिलावा झालाय, पिन भोकात बसतच नाही. आणि ती बसली असती तरी लावणार कुठे? पुढचा बंपर प्लास्टिकचा. फार्म जॅकच्या ओठाला पकडायला जाड लोखंड लागतं. ते आमच्या गाडीला नव्हतंच.

एव्हाना शेतातून ट्रॅक्टर घेऊन एक मामा आले. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं. त्यांनी छताकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं आणि विचारलं, 'एवढं वज्जं वर कशापायी टांगलं पोरांनो? पाऊस मोजायला?' पाच मिनिटांत दोर लावून त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. चहाला थांबा म्हटलं तर आवणीची घाई होती.

त्या दिवसापासून माझा हिशेब सोपा झालाय. जॅकची जागा गाडी पार्किंगमध्ये उभी असताना ठरवायची नाही, ती अडकलेली असताना ठरवायची. कललेली, निम्मे दरवाजे बंद, हात ओले, सामान भरलेलं. अशा वेळी जमिनीवर उभं राहून एका माणसाला जॅक काढता आला पाहिजे.

या चाळणीतून छत पहिल्या झटक्यात बाद. शिवाय वर वजन टाकलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि या गाड्या मुळातच उंच. घाटातल्या वळणावर तुम्हालाच जाणवेल. बॉनेट? हात पोचतो, मान्य. पण समोरचं थोडं दिसेनासं होतं, तेही नेमकं चढाच्या माथ्यावर, जिथे पुढे काय आहे ते आधीच दिसत नसतं. पत्रा पातळ, ब्रॅकेट बॉनेटच्या बिजागरीपाशी बोल्ट केलेलं, आणि खड्ड्याखड्ड्याला खडखडाट. वर समोरून कोणी पादचारी आदळला तर त्याच्या वाट्याला बॉनेटच्या पत्र्याऐवजी लोखंड. याच काळजीतून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन. त्यामुळे पुढच्या बुल बारवर जॅक लावायचा प्लॅन असेल, तर आधी तो बारच काढायला लागेल.

दरवाज्याखाली, साइड सिलवर लावणारेही आहेत. दिसतं मस्त. पण खडकावर गाडी टेकते ती तिथेच, आणि रस्त्यावरचा सगळा चिखल उडतो तोही तिथेच.

मग राहिली मागची बाजू. थार, गुरखा, जिम्नी, तिन्ही गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते आणि ते दार आडवं उघडतं. स्टेपनीचं वजन त्या बिजागऱ्या आधीच पेलतायत. त्यात आणखी १३ किलो टांगले की काही महिन्यांत दार खाली बसतं, बंद करताना खांदा लावायला लागतो. हां, मागे लोखंडी बंपर असेल आणि स्टेपनीचं कॅरियर त्या बंपरवर वेगळं बसवलेलं असेल तर गोष्ट निराळी. तिथे जॅक छान बसतो, फक्त कुलूप लावा. शहरात रात्रीतून जॅक गायब होतात.

पण बाहेर लावायचा म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते नगर शहरात. भंडारदऱ्यानंतर महिन्याभराने ऑफिसच्या कामाने तिथे जाणं झालं. काम लवकर आटपलं, म्हणून लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला गेलो. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम नसेल बघितलं तर जरूर बघा. रोल्स-रॉईसची चिलखती गाडी आहे, लढाईत जिंकून आणलेले पॅटन आहेत. सगळे तोफांसोबत सेल्फी काढत होते, मी मात्र रणगाड्यांच्या कडा बघत फिरत होतो. रणगाड्याच्या अंगावर बाहेरून जागोजागी कड्या आणि पट्टे असतात. फावडं, पहार, ओढायचा तारदोर, सगळं बाहेर, ठरलेल्या जागी, आवळून. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे फोटो काढून बघा. ड्रायव्हरच्या बाजूला कुऱ्हाड आणि फावडं, जेरीकॅन मागे. काहीही काढायला गाडी रिकामी करावी लागत नाही.

लष्कराचा फंडा मग तसाच उचलायचा? इथे एक मेख आहे. फावड्यात हलणारा भागच नसतो. ते वर्षभर पावसात राहिलं तरी खणतं. जॅकचा जीव त्या दोन पिनांत आहे, आणि धुळीत-पावसात उघड्यावर राहिला तर तो ऐन वेळी दगा देणार. म्हणून बाहेर लावायचाच तर यंत्राच्या भागावर जाड कव्हर हवं, आणि दर पावसाळ्याआधी काढून, घासून, कोरडं वंगण हवं. इंजिन ऑइल नको, त्यावर धूळ चिकटते.

माझं मत विचाराल तर आत, मागच्या सीटच्या पाठीमागे, फ्लोअरवर आडवा. वजन खाली, पिना कोरड्या, मागचं दार उघडलं की हाताशी. अट एकच, आणि ती अजिबात सोडायची नाही. जॅक बोल्टने पक्का हवा. बंजी कॉर्डने नाही, बॅगांच्या वजनाने दाबून तर नाहीच. गणित करून बघा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतला सुटा जॅक त्याच वेगाने पुढे येतो. हा वेग म्हणजे दहा मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग. तिसऱ्या मजल्यावरून १३ किलो लोखंड आणि खाली मागच्या सीटवर बसलेल्याचं डोकं. फ्लोअरच्या पत्र्यातून बोल्ट घेताना खालच्या बाजूने जाड पट्टी लावून घ्या, नुसता वायसर पत्रा फाडून बाहेर येतो. आणि ड्रिल मारण्याआधी खाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग, सगळं तिथूनच जातं. फॅब्रिकेटर 'टेन्शन नको साहेब' म्हणतो तेव्हाच टेन्शन घ्यायचं.

आणखी एक. जॅक लावायच्या आधी तुमच्या गाडीला तो लागतो का ते बघा. बंपर प्लास्टिकचे असतील तर चाकाला पकडून उचलणारं जोडसाधन तरी घ्या, नाहीतर तो दांडा शोभेचा. शिवाय गाडी उतरवताना, लिव्हर उलटा करताना हँडल दांडीला उभं चिकटलेलं हवं, हातात घट्ट आणि तोंड बाजूला. ते सुटलं तर सटासट वरखाली होतं आणि जबडा फोडतं. पहिली प्रॅक्टिस सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सपाट जागेवर, विरुद्ध चाकाला दगड लावून. उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही.

आमच्या मित्राने जॅक छतावरून उतरवला. आता तो सीटमागे चार बोल्टवर आडवा पडलेला असतो. जॅकचा तळ अगदी छोटा, चिखलात सरळ आत जातो, म्हणून त्याच्याखाली घालायला दीड फुटाची सागवानी फळीही त्याने करून घेतलीय. फळी सुटी असते, मागच्या सीटच्या पायाशी. सध्या तिच्यावर आम्ही कांदा चिरतो.