दानाचा देखावा

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मिकमाक लोकांसाठी एकोणिसाव्या शतकात सरकारने व परोपकारी मंडळींनी जमिनी विकत घेतल्या, यास औदार्य म्हणणे आम्हांस मान्य नाही. १७६०-६१ च्या तहांत या लोकांनी इंग्रजांशी सख्य केले. भूमी दिली नव्हती. तरीही १७६७ साली लंडनमध्ये चिठ्ठ्या टाकून प्रिन्स एडवर्ड बेट जमीनदारांना वाटले गेले. लगतचे लेनॉक्स बेटही खाजगी मालकीचे झाले. ते मिकमाकांसाठी १८७० साली विकत घेतले, तेही लंडनच्या एका संस्थेने; सरकारने ती तसदीही घेतली नाही. निदान आसरा तरी मिळाला, असे कोणी म्हणेल. मिळाला खरा, पण मोल पडले जमीनदाराच्या पदरी! ज्याचे घर त्यालाच ते विकत घेऊन देणाऱ्याने पुण्याचा हिशेब मांडू नये. मूळ ऋण अद्याप फिटावयाचेच आहे.